उसाच्या नोंदीत आपली ओळ आपण शोधावी
(एक्सेलच्या शीटमधून फिरण्याच्या सोप्या वाटा)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



२०२५ च्या पावसाळ्यानंतर कार्यक्षेत्रातील काही सभासदांना बरोबर घेऊन आम्ही आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहायला गेलो होतो. ऊस विकास अधिकारी आणि गेला कुठे, तर जिथे ऊस लावायला गावानेच मनाई केली आहे त्या गावाला, असे कुणी म्हणेल. म्हणोत. चांगला जमाखर्च जिथे असेल तिथे जाऊन तो पाहावा, असे आमचे मत आहे.

हे गाव नगर तालुक्यातले, पर्जन्यछायेतले. १९७२ च्या दुष्काळात मोडले आणि माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदानातून आणि शासनाच्या आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर चर खोदले गेले, ओढ्यानाल्यांवर बांध पडले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. श्री. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेच असेल. पण आम्हाला त्या गावात सर्वात मोलाचा वाटला तो पाण्याचा ताळेबंद. पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, माणसांना आणि जनावरांना प्यायला लागणारे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणते पीक किती घ्यायचे ते ग्रामसभेत सर्वांसमोर ठरवायचे. ऊस, केळी यांना मनाई आणि शेतीसाठी बोअरलाही मनाई. हिशेब समोर असल्यामुळे ही मनाई गावाने स्वतःवर घालून घेतली आणि पाळली.

परत येताना गाडीत आमच्या शेजारी एक वडीलधारे सभासद बसले होते. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, त्या गावात अख्ख्या गावाच्या पाण्याचा हिशेब साध्या माणसाला कळतो. आणि आपल्याकडं माझ्या एका उसाची तारीख बघायला मला कॉलेजातली नात बरोबर आणावी लागली."

त्यांचे म्हणणे आम्हाला झोंबले, कारण ते खरे होते. आणि त्यामागे चूक आमची होती. ती चूक आधी सांगतो, कारण आजचा सारा विषय तिच्यातच आहे.

आमच्या हातून झालेली चूक

या सभासदांची आडसाली लागण २० जुलै २०२३ ची. लागणीची नोंद गटऑफिसात झाली, पावती मिळाली, सारे रीतसर. आपल्या नोंदीच्या शीटमध्ये त्यांची ओळ ८७ वी. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही स्वतः पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी भरत बसलो होतो. काही कारणाने ८७ व्या ओळीतली तारीख तपासली आणि माऊसने तिथे टिचकी मारलेली तशीच राहिली. मग माऊसचे चाक फिरवत फिरवत खाली १३१२ व्या ओळीवर आलो. तिथे दुसऱ्या एका सभासदाची २० ऑक्टोबरची तारीख भरायची होती. नजर टेबलावरच्या अर्जावर, बोटे की-बोर्डवर. तारीख टाइप केली, एंटर मारला आणि पुढचा अर्ज उचलला.

ती तारीख १३१२ व्या ओळीत गेलीच नाही. ती ८७ व्या ओळीत गेली. जुलैची लागण कागदोपत्री ऑक्टोबरची झाली, आडसालीचा ऊस पूर्वहंगामी ठरला आणि २०२४-२५ च्या गाळप हंगामात त्यांची तोड मागे पडली. शेजारच्या रानातला त्याच पंधरवड्यात लावलेला ऊस तुटून गेला, यांचा मात्र तुरा मिरवत उभा. डिसेंबरमध्ये ते नातीला घेऊन गटऑफिसात आले. हातात पावती. म्हणाले, "साहेब, ऊस माझा, रान माझं, लागण माझ्या हाताची. मग तारीख बदलली कुणी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चाक फिरवत शीट वरखाली करू लागलो. अठराशेच्या वर ओळी. पाच मिनिटे गेली. ती मुलगी म्हणाली, "सर, मी बघू का?" तिने माऊसला हातही लावला नाही. कंट्रोल आणि एफ दाबून आजोबांचा सभासद क्रमांक टाकला, ओळ पुढे आली. तारीख ऑक्टोबरची. मग लागण तारखेच्या रकान्यात वर जाऊन तिने कंट्रोल दाबून खालचा बाण दाबला. नजर थेट १३११ व्या ओळीवर थांबली. तिच्या खालचे घर कोरे. कोऱ्या घराच्या सभासदाचा अर्ज फाइलमधून काढला, त्यावर तारीख २० ऑक्टोबर. जी तारीख तिथे नव्हती, ती आजोबांच्या ओळीत बसली होती. सारा उलगडा दोन मिनिटांत झाला.

मग तिने आम्हाला जे सांगितले ते आम्ही टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले आहे. "सर, चाक फिरवलं की कागद सरकतो. तुमचं बोट सरकत नाही."

तोड आम्ही लगेच लावून दिली. पण उभ्या उसाचे गेलेले दिवस परत देता आले नाहीत. म्हणून हा लेख.

शीट म्हणजे काय

शीट म्हणजे आपली खतावणीच. आडव्या ओळी आणि उभे रकाने. ओळींना आकडे असतात, रकान्यांना इंग्रजी अक्षरे. ओळ आणि रकाना जिथे एकमेकांना छेदतात ते एक घर, त्याला सेल म्हणतात. प्रत्येक घराला पत्ता असतो. आपल्या नोंदीच्या शीटमध्ये बी रकान्यात सभासद क्रमांक, सी मध्ये नाव, डी मध्ये गाव, ई मध्ये गट नंबर, एफ मध्ये लागण तारीख, जी मध्ये उसाची जात आणि एच मध्ये क्षेत्र आहे. म्हणजे आजोबांच्या तारखेचा पत्ता एफ ८७.

कॉम्प्युटरवर असा तक्ता पहिल्यांदा लोकप्रिय झाला तो १९७९ साली, अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी केलेल्या व्हिजिकॅल्क या प्रोग्राममुळे. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलाव्यात, ही त्यातली युक्ती. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ साली आले. आजच्या एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात. आपल्या सर्व गटांच्या सर्व सभासदांच्या नोंदी एकाच पानात घातल्या तरी पान उरेल. एवढ्या मोठ्या रानात चाक फिरवत जाणे म्हणजे कोसभर लांबीच्या सरीत वाकून चालण्यासारखे. पायवाटा माहीत हव्यात.

पहिला धडा : आपण उभे कुठे आहोत

शीटमध्ये एका वेळी एकच घर चालू असते. त्याच्याभोवती ठळक चौकट दिसते. आपण जे टाइप करू ते त्याच घरात जाणार, मग डोळ्यासमोर शीटचा कोणताही भाग असो. चालू घराचा पत्ता शीटच्या वर डाव्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत लिहिलेला असतो. काही लिहिण्याआधी तिकडे एकदा नजर टाकावी. पाणी सोडण्याआधी दंड कोणत्या वाफ्याकडे फोडला आहे ते आपण पाहतोच ना, तसेच हे.

चाक फिरवून दूर आलो आणि चालू घर कुठे राहिले ते कळेना, तर कंट्रोल धरून बॅकस्पेस दाबावे. शीट सरकून चालू घर परत डोळ्यासमोर येते. भलत्या घरात लिहायला सुरुवात झाली आणि एंटर अजून दाबलेला नाही, तर एस्केप दाबावे, घर पूर्ववत होते. एंटर दाबला गेला असेल तर कंट्रोल आणि झेड, शेवटची कृती मागे फिरते. आम्हाला त्या दिवशी या तीनपैकी एक जरी ठाऊक असती आणि पडद्याकडे नजर असती, तर आजोबांना हेलपाटा पडला नसता.

दुसरा धडा : लांब उड्या

आता की-बोर्डच्या वाटा सांगतो. यात कंट्रोल हे बटण दाबून धरायचे आणि दुसरे बटण एकदाच दाबायचे.

कंट्रोल आणि होम : शीटच्या अगदी सुरुवातीला, ए १ या घरात. वरच्या ओळी गोठवून ठेवल्या असतील तर गोठवलेल्या भागाच्या लगेच पुढच्या घरात.

कंट्रोल आणि एंड : जिथपर्यंत शीट वापरली आहे त्या शेवटच्या घरात. नोंदी किती झाल्या याचा अंदाज एका दाबात येतो.

नुसते होम : आहे त्याच ओळीच्या सुरुवातीला. लांब उजवीकडे जाऊन टनेज पाहिले आणि हे कुणाचे ते विसरलो, तर होम दाबावे.

कंट्रोल आणि बाण : भरलेल्या घरांच्या टोकापर्यंत उडी, बाण ज्या दिशेचा त्या दिशेने. मध्ये कोरे घर आले की त्याच्या अलीकडे थांबते. पुन्हा दाबले तर कोरे ओलांडून पुढच्या भरलेल्या घरात जाते. नोंद कुठे सुटली आहे ते शोधायला याच्याइतके चांगले साधन नाही. लागण तारखेच्या रकान्यात सर्वात वर उभे राहून एकदा दाबावे. तळाला पोहोचलो तर रकाना पुरा भरलेला. मध्येच थांबलो तर तिथे कुणा सभासदाची नोंद अपुरी आहे, असे समजावे.

पेज डाउन आणि पेज अप : एकेक पडदा खाली आणि वर. याने चालू घरही बरोबर सरकते, चाकासारखे मागे राहत नाही. ऑल्ट धरून हीच बटणे दाबली तर एकेक पडदा उजवीकडे आणि डावीकडे.

कंट्रोल आणि पेज डाउन : एकाच फाइलमधल्या पुढच्या शीटवर, म्हणजे लागणीच्या शीटवरून खोडव्याच्या शीटवर. मागच्या शीटवर यायचे तर कंट्रोल आणि पेज अप.

कंट्रोल आणि जी, किंवा नुसते एफ ५ : पत्ता विचारणारी चौकट उघडते. त्यात घराचा पत्ता इंग्रजी अक्षरात टाकून एंटर मारला की थेट तिथे. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत टिचकी मारून पत्ता लिहिला तरी तेच होते.

कंट्रोल आणि एफ : शोधा. सभासदांच्या सर्वात कामाचे हेच. नावाने शोधू नये, सभासद क्रमांकाने शोधावे. एकाच नावाचे आणि आडनावाचे चार सभासद एका गावात असतात, शिवाय कुणी 'ज्ञानेश्वर' लिहितो तर कुणी 'ज्ञानदेव'. क्रमांक मात्र एकाचा एकच. एका सभासदाचे दोन-तीन प्लॉट असतील तर 'फाइंड नेक्स्ट' दाबत राहावे, एकेक ओळ पुढे येत जाते.

लॅपटॉपवर होम, एंड, पेज अप ही बटणे काही वेळा बाणांच्याच बटणांवर असतात. तिथे खालच्या बाजूचे एफएन लिहिलेले बटणही बरोबर धरावे लागते. आणि कधी बाण दाबला की चालू घर न हलता सारी शीटच सरकू लागते. घाबरू नये. स्क्रोल लॉक हे बटण चुकून दाबले गेलेले असते, ते पुन्हा एकदा दाबले की काम भागते.

तिसरा धडा : भरताना आणि माऊस वापरताना

नोंदी भरणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्यांसाठीही दोन शब्द. एका ओळीत सभासद क्रमांकापासून भरायला सुरुवात केली की प्रत्येक घरानंतर टॅब दाबत उजवीकडे जावे आणि ओळ संपल्यावर एंटर मारावा. टॅबची सुरुवात ज्या रकान्यात झाली, त्याच रकान्यात पण खालच्या ओळीत आपण आपोआप येतो. चुकून पुढे गेलो तर शिफ्ट आणि टॅबने एक घर मागे, शिफ्ट आणि एंटरने एक घर वर. हात माऊसकडे जातच नाही. हात माऊसकडे गेला नाही की नजर अर्जावरून ओळीवर आणि ओळीवरून अर्जावर एवढीच फिरते.

माऊस वाईट नाही. पण त्याच्या खोडी माहीत असाव्यात. चालू घराच्या चौकटीच्या कडेवर दोनदा टिचकी मारली की कंट्रोल-बाणासारखीच टोकापर्यंत उडी बसते. खालच्या कडेवर मारली तर खाली, उजव्या कडेवर मारली तर उजवीकडे. मात्र तीच कड दाबून ओढली तर घरातला मजकूर उचलून दुसऱ्या घरात जातो. टिचकी आणि ओढ यात बोटाचा केसभर फरक. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी ही वाट धरू नये.

कंट्रोल धरून चाक फिरवले तर अक्षरे मोठी किंवा लहान होतात. चष्म्याच्या नंबरापुढे कुणी लाजू नये, अक्षरे मोठी करून घ्यावीत. एका घरात टिचकी मारून, चाकाने खाली जाऊन, शिफ्ट धरून दुसऱ्या घरात टिचकी मारली तर मधली सारी घरे निवडली जातात आणि त्यातले आकडे असतील तर त्यांची बेरीज पडद्याच्या खालच्या पट्टीत दिसते. आपल्या सर्व प्लॉटच्या क्षेत्राची बेरीज सात-बाराशी जुळते का, ते असे पाहता येते. प्लॉट एकाखाली एक नसतील तर कंट्रोल धरून एकेका घरावर टिचकी मारावी.

आणखी एक. ओळी खाली सरकल्या की वरची शीर्षके दिसेनाशी होतात आणि लागण तारीख कोणती, नोंदीची तारीख कोणती, हे कळत नाही. त्यासाठी शीर्षकाच्या खालच्या आणि नावाच्या उजवीकडच्या घरात उभे राहून 'व्ह्यू' मधले 'फ्रीझ पेन्स' निवडावे. शीर्षके वर आणि नावे डावीकडे गोठून राहतात. आपल्या सर्व गटऑफिसांतील शीट अशा गोठवून ठेवण्याच्या सूचना आम्ही दिल्या आहेत. कुठे तसे नसेल तर सभासदांनी हक्काने सांगावे.

आपली ओळ वाचताना काय पाहावे

ओळ सापडली, आता वाचायचे काय? चार गोष्टी पाहाव्यात. लागण तारीख, जात, क्षेत्र आणि लागण की खोडवा.

तारीख सर्वात आधी. आडसाली जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू साधारण डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारी मध्यापर्यंतची. तोडणी कार्यक्रम या तारखेवरच लागतो. आकड्यात तारीख लिहिताना दिवस आधी की महिना आधी, याचाही घोटाळा होतो. ५ ऑगस्टची तारीख ८ मे अशी वाचली गेली की संपले. म्हणून महिना अक्षरात दिसतो की नाही ते पाहावे. गट नंबराचेही तसेच. १२/३ असा गट नंबर नुसता टाइप केला तर एक्सेल त्याला तारीख समजून भलतेच काही दाखवते. त्या रकान्याचा प्रकार आधीच 'टेक्स्ट' असा ठेवावा लागतो. जातीत को ८६०३२ आणि फुले २६५ यांची अदलाबदल झाली, तर पक्वतेचा अंदाज चुकतो. क्षेत्रात ४० आर आणि ४ आर यात फक्त एका शून्याचा फरक, पण तोडणीच्या टोळीला तो फडात गेल्यावरच कळतो.

हे सारे शीटमध्ये दोन मिनिटांत दिसते आणि ऑगस्टमध्ये दिसले तर दुरुस्त होते. डिसेंबरमध्ये दिसले तर आजोबांसारखे होते.

घरचा सराव : पाण्याची शीट

पोहायला पाण्यात उतरावे लागते. ज्यांच्या घरी मुलांचा कॉम्प्युटर असेल त्यांनी कारखान्याच्या शीटवर शिकू नये, स्वतःची एक लहान शीट करावी. विषय हिवरे बाजारचाच घ्यावा, पाणी. ते गाव हिशेब कागदावर मांडते की कॉम्प्युटरवर, हा मुद्दा नाही. मांडते आणि सर्वांना दाखवते, हा मुद्दा आहे.

ए रकान्यात तारीख, बी मध्ये पाऊस मिलिमीटरमध्ये, सी मध्ये विहिरीची पातळी, डी मध्ये पंप किती तास चालला, ई मध्ये कोणत्या प्लॉटला पाळी दिली. एक दिवस, एक ओळ. कंट्रोल आणि अर्धविरामाचे बटण दाबले की आजची तारीख आपोआप पडते. रोज संध्याकाळी शीट उघडून ए रकान्यात कंट्रोल आणि खालचा बाण, मग एक बाण खाली, की आजची ओळ तयार.

इथे एक नियम कटाक्षाने पाळावा. पाऊस पडला नाही तर शून्य लिहावे, घर कोरे ठेवू नये. शून्य म्हणजे मोजले आणि पाऊस नव्हता. कोरे म्हणजे मोजलेच नाही. वर्षाअखेरीला बी रकान्यात कंट्रोल-बाणाची उडी जिथे जिथे अडेल, तिथे तिथे आपण मोजायचे चुकलो असे समजावे.

आता हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९७ कोटी ७० लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. सुरू उसाला सरीने मोकळे पाणी दिले तर पुऱ्या पिकाला साधारण २५० सेंटिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी अडीच कोटी लिटर, एकरी सुमारे एक कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या गावावर पडलेला १०० मिलिमीटर पाऊस, त्यातला थेंबही वाहून न जाता, वाफ न होता, शंभर एकर उसालाही पुरणार नाही. मग माणसांनी आणि गुरांनी काय प्यावे? त्या गावाने उसाला मनाई का केली, ते चार घरांच्या गुणाकारात कळते.

आम्ही उसाविरुद्ध बोलतो असे कुणी समजू नये. आपला प्रपंच उसावर आहे, आमचाही पगार उसावर आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत शाळा, दवाखाने आले ते उसाच्या जोरावर. पण आपली विहीर किती एकर उसाला पुरते, हे दरवर्षी अंदाजाने ठरते आणि एप्रिलमध्ये उभा ऊस वाळायला लागला की अंदाज चुकला असे आपण म्हणतो. ठिबकने पाण्याची मोठी बचत होते, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. आमच्या सांगण्यापेक्षा आपल्याच शीटमधल्या पंपाच्या तासांची बेरीज आपल्याला लवकर पटेल.

विनंती

लागण नोंदीच्या काळात दर शनिवारी सकाळी दहा ते बारा प्रत्येक गटऑफिसात एक कॉम्प्युटर सभासदांसाठी मोकळा ठेवला जाईल. त्यावर नोंदीच्या शीटची फक्त वाचण्यापुरती प्रत असेल, त्यामुळे कुणाच्या हातून काही बिघडण्याची भीती नाही. बँक खात्याचे आकडे त्यात नसतील. सभासदांनी येताना नोंदीची पावती आणावी, स्वतःच्या हाताने कंट्रोल आणि एफ दाबावे, सभासद क्रमांक टाकावा आणि आपली ओळ पावतीशी ताडून पाहावी. फरक आढळल्यास तिथल्या तिथे लेखी सांगावे. घरातल्या शिकत्या मुलामुलींना बरोबर आणले तर उत्तमच. आमचे कर्मचारी मदतीला असतील, पण बटण सभासदाने दाबावे.

गेल्या शनिवारी ते वडीलधारे सभासद एकटेच आले होते. नात परीक्षेत गुंतलेली. चष्मा लावला, एका बोटाने कंट्रोल धरले, दुसऱ्या हाताने एफ शोधायला थोडा वेळ लागला. क्रमांक टाकला. या वर्षीची लागण, जात, क्षेत्र, सारे पावतीशी ताडून पाहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे. आता शेजाऱ्याचं बघतो, त्याला कॉम्प्युटरचं भ्या वाटतं."

तरी सर्व सभासद बंधू-भगिनींनी या सोयीचा अवश्य लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.

आपले,
शेतकी विभाग